रिटेकचं पीठ

कॅमेऱ्यापुढं बसवलं की माणसानं विचारलं तेवढंच सांगावं, आणि विचारलं नसेल तर पदर सावरून गप बसावं. एवढी साधी रीत अन्नपूर्णाबाईला कळू नये? वय पंच्याहत्तर. तीन सुनांना वळण लावलेली बाई. फिल्म माझ्यावर, चक्की माझी, मोठाले दिवे माझ्या अंगणात लागलेले. आणि ही बाई आपले डबे परत न्यायला म्हणून थांबली, ती जाताना माझी फिल्म घेऊन गेली.

नीट सांगते. नाहीतर गावात ह्या गोष्टीच्या सतरा तऱ्हा फिरून राहिल्या आहेत, आणि त्यातल्या सोळांमध्ये मी येडी ठरते.

अमडापुरात पिठाची चक्की चालवणारी पहिली बाई मी. हे मी नाही म्हणत. म्हणजे मीच म्हणते, पण चाळीस वर्षांपासून म्हणते आहे आणि अजून कोणी खोडून काढलं नाही. माझ्या भावाची नात अर्पिता पुण्यात फिल्म बनवायचं शिकली. तिच्या संस्थेनं तिला काम दिलं की आपापल्या गावात ज्या बायांनी पहिल्यांदा काही केलं, आणि त्यामुळं लोकांचे विचार बदलले, त्यांच्यावर वीस-वीस मिनिटांच्या फिल्मा कर. एका फिल्मीत एकच बाई, असा संस्थेचा नियम. नांदुऱ्याच्या मालधक्क्यावर पोती वाहणाऱ्या बाईची झाली. दुसरबीडच्या पंक्चरवाल्या बाईची झाली. मग तिचा मला फोन आला.

"आजी, तुमची चक्की अजून आहे ना?"

"आहे की."

"चालू आहे?"

इथं मला खरं बोलता आलं असतं. चक्की अकरा वर्षांपासून बंद होती. घरोघरी छोट्या घरघंट्या आल्या, गिऱ्हाईक आटलं, माझे गुडघे बोलायला लागले, तेव्हा मीच बटण बंद केलं होतं. आता तिच्यावर आमच्या जानरावांचे दहा वर्षांचे पेपर रचलेले होते. पण दुसरबीडची पंक्चरवाली चालू आणि मी बंद, हे मला सहन होईना.

"चालू हाय म्हणजे? धडधडून राह्यली," मी म्हटलं.

सगळं पुढचं त्या एका शब्दातून निघालं.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. पहिली चक्कीवाली झाल्यावर एवढं चालतं. तर चक्की खरं म्हणजे जानरावांचीच. चौऱ्याऐंशी साली सरकारी योजनेतून त्यांच्या नावावर मिळाली. उद्घाटनाला हार त्यांच्या गळ्यात. पण तिसऱ्या दिवशी कळलं की पीठ उडालं की ह्यांना शिंका येतात. एक-दोन नाही, मी एकदा मोजल्या तर बेचाळीस झाल्या. तोंडाला रुमाल बांधला तर डोळे सुजले. गिऱ्हाईक म्हणे, पिठात काय काय पडून राहिलंय देव जाणे. मग मी पदर खोचला आणि बसले. अर्पितानं नंतर कॅमेरा लावून मला विचारलं, "आजी, ह्या धाडसामागे प्रेरणा कोणाची?" मी म्हटलं, "ह्याइच्या नाकाची." तिनं ते कापून टाकलं म्हणे.

मी बसले खरी, पण वरच्या गल्लीतलं कोणी आमच्या चक्कीवर फिरकेना; त्यांची वर एक जुनी चक्की होती. चक्कीचं एक असतं. मागच्या गिऱ्हाइकाचं पसाभर पीठ दगडात उरतं आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. कितीही झटका, जातंच. ह्या पसाभर पिठावर वरच्या गल्लीचा सगळा धर्म अडकला होता. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीतलं पसाभर पीठ त्यांच्या परातीत कसं जाणार? अन्नपूर्णाबाईचे सासरे अर्जुनराव पारावर बसून सांगत, त्या चक्कीतलं पीठ आमच्या गल्लीत येणार नाही म्हणजे नाही. दोन वर्षं माझ्याकडं फक्त आमची वस्ती आणि मुसलमान मोहल्ला. त्यातही मोठं गिऱ्हाईक म्हणजे शकूरची बायको खुर्शीदा. शकूर चक्कीच्या दगडांना टाकी मारायचा, ही बांगड्यांची टोपली घेऊन सगळ्या गल्ल्यांतून फिरायची. घरात माणसं पाच, आणि एका दिवसाआड दोन-दोन डबे दळण. मी गावभर म्हणत असे, "शकूरच्या घरी भाकरी खातात का भिंती लिंपतात वो?"

मग एक दिवस माझं डोकं फिरलं. मी भर पारावर गेले आणि अर्जुनरावांच्या समोर उभी राहून बोलले. "एक डाव माह्या चक्कीचं पीठ खा. मंग सांगा बाटले का सुधरले." माणसं बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अन्नपूर्णाबाई डोक्यावर डबा घेऊन, भर रस्त्यानं, माझ्या चक्कीवर आल्या. तिसऱ्या दिवशी निम्मी गल्ली. माझ्या दोन वाक्यांनी गाव बदललं. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की मी "एक दिवस माझं डोकं" म्हटलं की नातवंडं चपला शोधायला लागतात.

असो. चक्की चालू करणं म्हणजे बटण दाबणं, असा माझा समज. मी दाबलं. काही झालं नाही. जानरावांनी दाबलं. तेव्हाही काही झालं नाही, पण ते म्हणाले, "मी दाबलं त जरासा आवाज आला."

लाईनमन आला, खांबाकडं बघितलं, म्हणाला, "काकू, तुमचं कनेक्शन कागदावरूनच गेलं. शूटिंगपुरतं टेंपरवारी घ्या. तालुक्याले जा लागीन."

गेलो. विजेच्या हापिसातल्या पोरानं कॉम्प्युटरमध्ये पाहत विचारलं, "जुनं कनेक्शन कोणाच्या नावानं?"

"जानराव," मी म्हटलं, "पण चक्की म्या चालवली."

"अर्जदारालाच बोलू द्या, आजी."

अर्जदार खुर्चीत नवरदेवासारखे बसले. तीस वर्षं ज्या माणसानं चक्कीच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही, त्याला साहेब म्हणे, "या काका." मी मागं उभी. पोरगं म्हणालं, "टेंपरवारी कशासाठी पाहिजे? लग्न, सभा, जत्रा, बांधकाम?"

"फिल्म," मी मागून म्हटलं.

"ते नाही यात."

"मंग लिहा, लोकाइचे विचार बदलासाठी."

"तो कॉलम नाही, आजी." पोरगं गुणी होतं, हसलं नाही. "लग्न टाका. लवकर होते. फक्त पत्रिका जोडा."

पत्रिका कुठली आणणार? जानरावांनी खिशातला पेन काढला आणि कोऱ्या कागदावर लिहून दिलं की आमच्या घरी लग्नाच्या वाढदिवसाचा कार्यक्रम आहे. लग्न खोटं नव्हतं, वाढदिवस चार महिने मागं झालेला होता. अर्ज मंजूर झाला. पण कागदावर चढलं काय, तर 'लग्नकार्य, जानराव'. आम्ही एसटीतून उतरेपर्यंत ते गावात पोचलं होतं. शेजारची महामाया दारातच उभी.

"काकू, काका दुसरं लगन करून राह्यले म्हणे?"

"मिळाली त करू दे," मी म्हटलं, "फक्त तिले बेचाळीसपर्यंत मोजता येते का, ते इचारून घे."

ही महामाया म्हणजे सल्ल्याचं पोतं आहे. पांढरी साडी नेसा, पुरस्कारवाल्या बाया पांढरी नेसतात. पांढरी नका नेसू, पिठात दिसणार नाही. बोलताना मधी मधी थांबा, मोठी माणसं थांबतात. डोळ्यात पाणी आणता आलं तर उत्तम, नाहीतर कांदा ठेवते जवळ. मी हे सगळे सल्ले हाणून पाडले आणि मग आरशापुढं उभं राहून गुपचूप थांबत थांबत बोलायचा सराव केला. जानराव खिडकीतून म्हणाले, "काय वो, दम लागला काय?"

शकूर दोन दिवस ओट्यावर बसून दगडांना टाकी मारत होता. टक, टक, टक. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, पण हात तोच. जाताना म्हणाला, "भाभी, पहिलं दळण जनावराइले टाका. दगडाची कच राहते त्यात. मानसानं खाल्ली त दात जाईन."

हे त्यानं मला सांगितलं, जानरावांना सांगितलं नाही.

शूटिंगच्या दिवशी अर्पिता आली, तिच्यासोबत कॅमेरावाला गजेंद्र. मुलगा अकोल्याचा, पण बोलणं पुण्याहून उचललेलं. आल्या आल्या त्यानं जनावरांसाठी काढून ठेवलेलं पहिल्या दळणाचं पीठ बघितलं आणि म्हणाला, "ह्या पिठाची भाकरी कोणीतरी खाताना मिळाली तर फार सुंदर शॉट होईल." मी तोंड उघडायच्या आत जानराव ताट घेऊन बसलेले. महामायानं भाकर थापून दिली. पहिला घास, कर्र. गजेंद्र म्हणाला, "छान, जरा सावकाश चावा." दुसरा घास, कर्रर्र. तिसऱ्या घासाला कवळीचे दोन दात ताटात. तरी माणूस कॅमेऱ्याकडं बघून मान डोलवतोय, लय गोड, लय गोड. फिल्मीत दिसायचं वेड किती असावं माणसाला! मी तर त्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा साडी बदलून आले होते, आणि तेही फक्त उजेडासाठी.

मग माझा नंबर.

"काकू, सहज राहा."

"सहजच हाय बाबा. तू तेवढं मले पाह्यनं बंद कर."

मी डबा उचलला, वर दाणे ओतले, पट्टा फिरला, खालच्या कापडी बाहीतून पीठ पडायला लागलं. अकरा वर्षांनी परत मिळालेल्या त्या आवाजावर मी आवाज चढवला. मी थांबत थांबत बोलले. उत्तम झालं. गजेंद्र म्हणाला, "मस्त. फक्त मागे काका दिसले. पुन्हा एकदा तेच करा."

जानराव माझ्यामागं हात पाठीला बांधून, तपासणीला आलेल्या साहेबासारखे उभे होते.

दुसऱ्यांदा त्यांना बाहेर बसवलं. निम्मं बोलून झालं आणि बाहेरून शिंका सुरू झाल्या.

"पुन्हा एकदा, काकू. अगदी तेच."

"तेच कसं करू? गव्हाचं पीठ झालं ना! पिठाचा गहू करासाठी मशीन आणली अशीन त लाव."

गजेंद्रनं कॅमेऱ्यावरून डोळा काढला. त्याच्या तोपर्यंत ध्यानातच आलं नव्हतं की इथं दर रिटेकला डबाभर दाणे लागतात. नट पुन्हा रडू शकतो, मारामारी पुन्हा होऊ शकते, पण दळलेलं पुन्हा दळता येत नाही. तिसऱ्या रिटेकला घरातला गहू संपला, चौथ्याला जवारी. पाचव्याला बघितलं तर पोरीच्या घरी पाठवायला ठेवलेली डाळही गेलेली.

"आता?" अर्पिता म्हणाली.

महामायानं मोबाईल काढला. गावाच्या ग्रुपवर काय लिहिलं ते मला नंतर वाचून दाखवलं. 'बनाकाकूच्या चक्कीवर आज दळण फुकट. फिल्ममध्ये दिसायचे असल्यास चांगली साडी नेसून येणे.' अर्ध्या तासात अंगण भरलं. चांगल्या साड्या इतक्या, की मंडप आणि नवरदेव दोन्ही आहेत, फक्त नवरी यायची आहे असं वाटावं. एक जण तर खरोखर जानरावांसाठी टोपी-टॉवेल घेऊन आला.

आता ह्यात माझी चूक कुठं झाली ते प्रामाणिकपणे सांगते, कारण बाकीचे सांगतीलच.

पूर्वी प्रत्येक घरचा डबा वेगळा असायचा. कोणाचा पोचलेला, कोणाचं झाकण सैल, कोणाच्या कडीला चिंधी. मी नुसत्या पोच्यावरून घर ओळखायची. तीस वर्षांत एका घरचं पीठ दुसऱ्या घरी गेलं नाही, हा माझा रुबाब. आता लोक दळण कशात आणतात? भिंतीच्या रंगाच्या रिकाम्या पांढऱ्या बादल्यांत. चाळीस बादल्या, चाळीसही सारख्या. आणि गजेंद्र म्हणाला, "ह्या नको. जुना काळ दाखवायचा आहे. जुने पत्र्याचे डबे नाहीत का कुठं?"

गावात एका माळ्यावर होते. अन्नपूर्णाबाईच्या. चार डबे आले आणि त्यांच्यामागं काठी टेकत अन्नपूर्णाबाईही आल्या. म्हणाल्या, "डबे मोजून दिले, मोजून घेऊन जाईन." आणि सावलीत खुर्ची टाकून बसल्या.

मग काय, रिटेक चालू असो की नसो, बादलीतले दाणे पत्र्याच्या डब्यात, डब्यातले चक्कीत, पीठ पुन्हा डब्यात, डब्यातून समोर येईल त्या बादलीत. अर्पितानं विचारलं होतं, "आजी, बादल्यांवर नावं लिहू का?" मी म्हटलं, "नावं लिहाची गरज शिकलेल्या मानसाले. माह्या ध्यानात राहते." कॅमेरा चालू होता ना! कॅमेऱ्यासमोर मी त्या दिवशी आकाशातले तारेही ओळखून दाखवले असते.

अकरा रिटेक झाले. अकराव्याला गजेंद्र म्हणाला, "परफेक्ट." मी पदरानं तोंड पुसलं, वळले, आणि बघते तर अंगणात चाळीस पांढऱ्या बादल्या. कोणती कोणाची, माझ्या बापालाही सांगता आलं नसतं.

मी चेहरा कडक ठेवला. एक बादली उचलली आणि ठासून म्हटलं, "हे तुह्यं, समता."

वरच्या गल्लीतल्या समतानं झाकण काढलं. "काकू, माह्या शरबती गव्हात हे जवारी काऊन दिसून राह्यली?"

"जवारी नाई ते. उजेड पडला."

"अन् माही भगर कुठं?" दुसरी ओरडली. "सासूचा उपास हाय माह्या! ह्याच्यात त डाळीचं पीठ हाय."

"मह्या नातीची नाचणी होती वो!"

"माह्या घरी शुगर हाय, मले निरं ज्वारीचं पाह्यजे होतं."

असा गलका उठला की काय सांगू. बाया एकमेकींच्या बादलीत हात घालून चिमूट चिमूट चाखून बघताहेत. मी तिथं चक्कीला टेकून उभी. तीस वर्षांचा रुबाब पांढरा होऊन अंगणात सांडलेला. तरी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती लिहून ठेवते. वरच्या गल्लीचं आमच्यात, आमचं मोहल्ल्यात, सगळ्यांचं सगळ्यांत गेलं होतं, पसाभर नाही, पोतंभर. पण भांडण चाललं होतं ते शरबती गव्हाचं आणि उपासाचं. कोणाचं कोणात गेलं, ह्याच्यावर एक बाई बोलली नाही. मी म्हटलं, झालं, हेच फिल्मीत सांगावं. घसा साफ केला, आणि तेवढ्यात सावलीतून काठी वाजली.

"काय वो गोंधळ लावला?" अन्नपूर्णाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "मिसळलं त मिसळलं. पोटात जाऊन वेगळं राह्यते काय? आमच्या गल्लीनं दोन वरसं न सांगता हिच्या चक्कीचं खाल्लं, कोनाले काय झालं?"

गजेंद्रनं अर्पिताकडं बघितलं. अर्पितानं बोट फिरवलं. कॅमेरा माझ्यावरून निघाला आणि हळूच अन्नपूर्णाबाईकडं वळला. तो वळताना मी पाहिला. अकरा रिटेक मी केले आणि कॅमेरा एका झटक्यात गेला.

"कोणती दोन वर्षं, आजी?" अर्पिता म्हणाली.

"हिनं पारावर बोंब मारली ना, त्याच्या आधीची." बाई मला विचारतही नाहीत! "आमच्या घरात चौदा माणसं. वरची चक्की भरड दळे. भाकर जाड झाली की मामंजी ताट फेकत. मी काय करू? खुर्शीदा बांगड्या घेऊन ये, तिच्या हातून मागच्या दारानं डबे पाठवत होती. आपलेच म्हणून सांग म्हटलं. ते दळण हिच्या चक्कीवर, अन् पीठ आमच्या परातीत. मामंजी खात अन् म्हणत, आजकाल भाकर लय मऊ येऊन राह्यली. खाऊन झालं की टोपी घालत अन् पारावर जात. कायले? हिच्या चक्कीविरुद्ध बोलाले."

अंगणात जे हसू फुटलं! मी खुर्शीदाकडं बघितलं. ती शकूरच्या मागं उभी, ओढणी तोंडावर.

"खुर्शीदा! ते भिंती लिंपाचं पीठ हे होतं?"

"हाव भाभी," ती म्हणाली. "तुमी गावभर सांगत व्हत्या, आमी हावऱ्यासारखे खातो म्हणून. दोन साल सहन केलं मी."

"अवं पण मले सांगाचं ना!"

आता ह्यावर अन्नपूर्णाबाई जे बोलल्या ते कॅमेऱ्यासमोर बोलायची काय गरज होती? म्हणाल्या, "तुम्हाले कसं सांगावं, बनाबाई? तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. दिवस मावळाच्या आत मामंजीले कळलं असतं."

सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल? जानराव. दोन दात कमी असलेल्या तोंडानं.

अर्पिता मात्र हसली नाही. तिनं हळूच विचारलं, "मग सासऱ्यांना कधी कळलं?"

"हिनं पारावर आव्हान देल्लं त्या संध्याकाळी. मामंजी तावातावानं घरी आले, ताटावर बसले. म्हणे, त्या बाईची हिंमत पाह्य, म्हणते माह्या चक्कीचं खाऊन पाहा. मी चुलीपुढं होती. म्हटलं, मामंजी, दोन वरसं झाले, तेच खाऊन राह्यले तुम्ही." बाई थांबल्या. महामाया म्हणायची तसं मोठी माणसं थांबतात, अगदी तसं, आणि सरावाशिवाय. "मले वाटलं आता ताट येते अंगावर. हातातला घास हातातच राह्यला त्यांच्या. मंग तो खाल्ला. मंग म्हणे, अजून एक वाढ. बस. दुसऱ्या दिवशी मी डबा डोक्यावर घेतला अन् रस्त्यानं निघाली."

म्हणजे माझ्या दोन वाक्यांनी काही झालं नव्हतं. म्हणजे झालं, पण दोन वर्षांच्या मऊ भाकरींवर झालं.

पुढचे पंधरा दिवस मी कोणाशी बोलले नाही. लोकांनी जानरावांना विचारलं, काकूची तब्येत बरी आहे ना? पिठाचं सांगायचं तर चाळीस घरांनी महिनाभर ते मिसळलेलं खाल्लं, आणि काही म्हणतात की एवढी चांगली भाकर आधी कधी झाली नव्हती. समता तर परवा विचारत होती, तसंच पुन्हा दळून देता का.

मग अर्पिता लॅपटॉप घेऊन आली. ओसरीत मांडला. मी, जानराव, आणि तिनं मुद्दाम बोलावून आणलेल्या अन्नपूर्णाबाई. फिल्म चालू झाली. मी होते, चांगली होते, साडीही बरी दिसली. सहा मिनिटं. मग अन्नपूर्णाबाई. नऊ मिनिटं. 'अजून एक वाढ' म्हणून त्या थांबल्या, तिथं जानरावांनी डोळे पुसले. मी नाही पुसले. मी बोट आपटून मिनिटं मोजत होते.

अर्पितानं लॅपटॉप मिटला. "आजी, फिल्म तुमची आहे. मी तुमच्यावर करायला आले होते. पण नियम एका बाईचा आहे, नावही एकीचंच येणार. हा भाग ठेवला तर फिल्म अन्नपूर्णाआजींची होते, तुम्ही तिच्यात असाल. तुम्ही नको म्हणालात तर मी सगळा काढते. तुमचे अकरा रिटेक आहेत, त्यांत भागेल."

अन्नपूर्णाबाई घाईघाईनं म्हणाल्या, "काढून टाक पोरी. म्या काय केलं? डबेच त पाठवले मागच्या दारानं. चोरून. त्याची काय फिल्म करतात?" आणि काठी शोधायला लागल्या. मी त्यांना चाळीस वर्षांत असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं, सासऱ्याचं ताट आठवलं असेल कदाचित. एक 'हो, काढ' म्हटलं असतं तर मी पुन्हा पहिली. गावात सांगायला नांदुरा आणि दुसरबीडच्या रांगेत माझं नाव. तोंड उघडलं तर होच येईल असं मलाही वाटत होतं, म्हणून जरा वेळ मिटून ठेवलं. जानराव म्हणाले, "काय वो, दम लागला काय?"

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. अन्नपूर्णाबाईची काठी पायानं माझ्याकडं ओढून घेतली, म्हणजे त्यांना उठता येऊ नये.

"बसा खाली, अन्नपूर्णाबाई," मी म्हटलं. "चक्की म्या चालवली, त्यात वाटा नाही कोनाचा. पण दळणाबिगर चक्की म्हणजे निरा आवाज. अन् आवाज त म्या जन्मभर केला. पारावर जाऊन बोलणं सोपं हाय वो, तिथं ऐकाले मानसं असतात. चुलीपुढं, समोर ताट फेकणारा बसला असताना सांगणं, ते म्या नसतं केलं. तुमचं नाव राह्यीन फिल्मीत, अन् खुर्शीदाचंही घाला, नियमाले आग लावा. पण दोन वरसं तुम्ही दोघीनं मले काही कळू देल्लं नाही, ह्याची मी माफी देत नसते. उद्या सकाळपासून पाहा, घरोघर जाऊन सगळ्याइले सांगते का नाही ते!"